रात्रीची लादी

गेल्या वर्षी ठाण्यातील एका सभागृहात ब्रेकिंगची, म्हणजे हातांच्या आधाराने जमिनीवर अंग फिरवत करायच्या नृत्याची, स्पर्धा झाली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून मी तिथे दिवसभर बसले होते. सोळा स्पर्धकांत मुलगी एकच होती. मुलींचा वेगळा गट का ठेवला नाही, असे मी विचारले, तेव्हा ‘नावंच येत नाहीत, मॅडम’ एवढेच उत्तर मिळाले.

पहिल्या फेरीआधी तीच मुलगी माझ्या टेबलाशी आली. वय एकोणीस. उजव्या मनगटावर तिने स्वतःच चिकटपट्टी इतकी घट्ट गुंडाळली होती की बोटे गार पडली होती. पट्टी सोडवून करंगळीच्या बाजूला दाबले, तशी ती कळवळली. फ्रीझ, म्हणजे हातावर तोल सावरून क्षणभर स्थिर राहण्याची मुद्रा, धरताना अंगाचा भार मागे वाकलेल्या मनगटावर येतो, हे खरे. पण त्या सकाळी मुलांचीही मनगटे मी तपासली होती आणि इतके सुजलेले एकही नव्हते. सराव कुठे करतेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पोरं रात्री दहानंतर स्टेशनबाहेरच्या लाद्यांवर करतात. मला सातला घरी यावं लागतं, मग मी गच्चीवर करते.” गच्चीचा कोबा खरखरीत असतो, त्यावर तळवा सरकत नाही आणि अंग वळताना सगळा पीळ मनगटात उतरतो.

बायकांच्या खांद्यात ताकद कमी, म्हणून त्यांना पॉवरमूव्ह, म्हणजे अख्खे अंग गरगर फिरवायच्या चाली, जमत नाहीत, हे मी प्रशिक्षकांकडूनही ऐकले आहे. ताकदीतला फरक मी नाकारत नाही, पण पाठीवर लोळत पाय हवेत फिरवायच्या विंडमिलला ताकदीइतकाच वेग आणि नेमकी वेळ लागते, आणि ती शेकडो वेळा पडल्यावरच येते. पडण्यासाठी गुळगुळीत जमीन हवी, मोकळे तास हवेत.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपची, म्हणजे ब्रेकिंग ज्यातले आहे त्या संस्कृतीची, सुरुवात मानतात, ती सिंडी कॅम्पबेलने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला ठेवली होती. तिचा भाऊ कूल हर्क तबकड्या वाजवत होता आणि नाव मात्र त्याचेच गाजले. रेड बुल बीसी वन ही ब्रेकिंगची जागतिक स्पर्धा २००४ मध्ये सुरू झाली, तरी मुलींना स्वतंत्र विजेतेपद मिळायला २०१८ उजाडले. पुढच्याच वर्षी या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली आणि मुलींमध्ये रशियाची कास्तेत जिंकली. तीच फेरी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहून ही मुलगी शिकू लागली होती.

ठाण्यात ती एका मुलाकडून परीक्षकांच्या दोन विरुद्ध एक मतांनी हरली. बर्फ लावून घेताना तिने विचारले, “तो म्हणतो, मुलगी म्हणून सांभाळून नाचलो. खरंच?” तो माझ्यासमोरूनच पाणी प्यायला गेला होता, त्याचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता आणि बाटली धरलेला हात थरथरत होता. मी तिला तसे सांगितले.

मग ती म्हणाली, “कागदावर जिन्यावरून पडले असं लिहाल? नाहीतर आई बंद करेल.” खोटे मी लिहू शकत नव्हते. मी लिहिले: ‘खरखरीत जमिनीवर सराव केल्याने मनगटाला इजा; तीन आठवडे हातावर भार देऊ नये.’ खाली आईसाठी माझा नंबर लिहिला. माझ्या क्लिनिकच्या व्यायामखोलीत गुळगुळीत व्हिनाइल आहे आणि रविवारी ती खोली रिकामीच असते. चौथ्या रविवारी सकाळी सातला माय-लेकी दोघी आल्या. आई दाराशी खुर्ची घेऊन बसली.