एन्व्हलपचा ई

बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या इंग्रजीच्या बाई. नाव लिहायला नको, नववी 'ब'चे सगळे ओळखतील.

बाईंचा डोळा एकाच गोष्टीवर : कानाला सारखे लागणारे शब्द. रजेच्या अर्जात मी तापामुळे 'वीक' झालोय असं लिहिलं, तेही डबल ई घालून. समासात लाल शाईत आलं, "तू आठवडा कधीपासून झालास?" त्या म्हणायच्या, "इंग्रजीत कान फितूर असतो, डोळ्यांनी वाचा." ऐकण्याच्या 'हिअर'मध्ये 'इअर', म्हणजे कान, लपलाय. शाळेचा प्रिन्सिपल आपला 'पल', दोस्त, म्हणून शेवटी पी-ए-एल. तत्त्व असेल तर एल-ई. (हेडसर आणि दोस्त! आम्ही बाकाखाली तोंडं लपवली.) सरदाराच्या 'नाइट'मधला मुका के पूर्वी उच्चारला जायचा, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा म्हणाल्या, "दांडिया बाजारातल्या त्या दुकानाची पाटी पाहिलीत? स्टेशनरी, ए-आर-वाय! म्हणजे जागचं न हलणारं. दुकान हलत नाही हे खरंच म्हणा." वर्ग खदखदला. मी नाही हसलो. पाटी माझ्या वडिलांनी रंगवली होती.

मधल्या सुट्टीत मी ते सांगून टाकलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र घरी आल्या, आईने केलेला चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, वळण फार सुरेख आहे हो तुमचं. तेवढा ए-चा ई करून द्याल? कागद-पाकिटांचं दुकान ना, एन्व्हलपचा ई." दुसऱ्या दिवशी वडील शिडी घेऊन निघाले. दुकानदार गुजरातीत म्हणाला, "काका, घराक तो आवे ज छे ने!" (गिऱ्हाईक तर येतंच ना!) वर्गात त्या पाटीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आज रावपुऱ्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर मुलगा बसतो, पण छपाईआधी मजकूर मीच वाचतो. शब्द दोन्ही खरे, त्यामुळे स्पेलचेक बिचारा गप्प राहतो. परवा शाळेवरून गेलो. मराठी माध्यमाच्या तुकड्या आता किती उरल्यात ते शिपाईमामांनी सांगितलं, ऐकून पोटात कालवलं.

वडिलांची ती पाटी पुढे बरीच वर्षं होती. दुपारचं ऊन तिरपं आलं की ई-च्या खालचा ए पुसटसा दिसायचा.