भातात लपवलेली सुरमई

ओकायामा, जून. शुक्रवार रात्र.

पाय बोलतायत, पण झोपण्याआधी लिहून टाकते. उद्यापर्यंत निम्मं विसरायला होईल.

पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या माणसाला जपानी बागेचं फारसं अप्रूप नसतं. पु. ल. देशपांडे उद्यान २००६ साली उघडलं, तेव्हापासून आमच्याकडे उतरलेला पाहुणा तिथे एक चक्कर मारल्याशिवाय परत गेलेला नाही. दहा एकर जागा आणि त्यातून खेळवलेलं कालव्याचं पाणी. ते सगळं ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, हेही आम्हाला पाठ. म्हणून भाचीकडे ओसाकाला यायचं नक्की झालं तेव्हाच मी तिला सांगून टाकलं होतं, क्योतो मागाहून, आधी ओकायामा.

"मावशी, विमानाचं तिकीट काढून तू पु. ल. देशपांडे उद्यान बघायला येणार?"

हो, येणार!

ओसाकाहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने तासाच्या आत ओकायामा. स्टेशनासमोर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेला आणि कुत्रा, माकड नि फेझंट पक्षी यांना घेऊन राक्षसांवर चाल करून जाणारा हा पोरगा इथला कुलदैवतच म्हणायचा. रस्त्याला त्याचं नाव, मिठाईच्या खोक्यांवर त्याचं चित्र. ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत गेलो, तिथून नदीवरचा पूल ओलांडून पायी. बाग सकाळी साडेसातलाच उघडते, त्यामुळे गर्दीच्या आधी आत शिरलो. आभाळ भरून आलेलं, पाऊस मात्र नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसलं ते आभाळच. जपानी बाग म्हणजे दाट झाडी, शेवाळ, दर वळणावर काहीतरी दडवलेलं, अशी आपली कल्पना असते. इथे सगळं उघडंवाघडं. सुमारे तेहेतीस एकरांच्या बागेत एकट्या हिरवळीनेच जवळपास १९,००० चौरस मीटर अडवलेत. मध्ये तळं, तळ्यात तीन बेटं, आणि त्या सपाटीवर युइशिनझान नावाची सहा मीटरची टेकडी. सहा मीटर म्हणजे आपल्याकडे कोणी टेकडी म्हणणारही नाही. पण वर चढून उभं राहिलं की सगळी बाग एका नजरेत मावते. ही टेकडी मूळ आराखड्यातली नाही, बाग बांधणाऱ्या सरदाराच्या मुलाने नंतर घातलेली आहे.

बाग बांधली इकेदा त्सुनामासा या ओकायामाच्या सरदाराने. १६८७ साली काम सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. देखरेख त्सुदा नागातादा या त्याच्या कारभाऱ्याची. त्सुनामासाच्या काळात आज दिसते त्या हिरवळीच्या जागी बरीचशी शेतंच होती. सरदाराने विश्रांतीसाठी बाग करायची आणि तिच्यात भात लावायचा, हे मला फार आवडलं. त्या शेतीची खूण अजून राखलेली आहे. एका कोपऱ्यात चौकोन पाडलेलं भाताचं खाचर आहे. प्राचीन चीनमधल्या झोउ राजवटीत शेतजमिनीचे नऊ चौकोन पाडत. कडेचे आठ आठ कुटुंबांचे, मधला सगळ्यांनी मिळून कसायचा आणि त्याचं पीक सरकारला द्यायचं. त्या रचनेचा हा नमुना. रोपं नुकतीच लावलेली होती, ओळी सरळ, पाण्यात ढगांचं प्रतिबिंब. मी तिथे इतका वेळ रेंगाळले की भाची शेजारच्या चहाच्या मळ्याला पूर्ण फेरी घालून आली. चहाची झुडपं गोल कातरून ओळीने बसवलेली आहेत. ती शोभेची नाहीत, मे महिन्यात त्यांची खुडणी होते.

पाण्याचा पाट ६४० मीटर लांब आहे आणि तो बागभर फिरतो. तो जिथे इमारतीत शिरतो त्या जागेचं नाव र्‍युतेन. दुमजली लाकडी मंडप, खालचा मजला चारी बाजूंनी उघडा, आणि मधोमध वाहतं पाणी. पाण्यात वेगवेगळ्या रंगांचे सहा दगड ठेवलेत. भिंती नाहीत, सजावट नाही. आम्ही फळ्यांवर टेकलो. वैभव दाखवण्याची ही रीत मला आपल्याकडच्या वाड्यांत आठवत नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून जे थोडं वाचलं त्यात हा मंडप आहे.

बाकी बरंचसं गेलं. १९३४ मध्ये पुराने बाग धुऊन नेली, १९४५ च्या जूनमध्ये हल्ल्यात सरदाराचं निवासस्थान जळालं, पलीकडच्या काठावरचा काळा किल्लाही जळाला. मग जुन्या काळी काढलेली बागेची चित्रं समोर ठेवून सगळं पुन्हा उभं केलं. निवासस्थान १९६० चं आहे. झाडांमागून डोकावणारा तो डौलदार किल्ला १९६६ चा, काँक्रीटचा. बागेतले तांचो सारससुद्धा युद्धानंतर उरले नव्हते. विद्यार्थिदशेत ओकायामात शिकून गेलेले चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी १९५६ मध्ये एक जोडी भेट दिली, तिथून पुन्हा सुरुवात झाली. पिंजऱ्यातला तो डोक्यावर लाल टिकली मिरवणारा पक्षी आमच्याकडे बघून इतक्या जोरात ओरडला की भाचीच्या हातातली छत्री पडली.

आणि तो अजस्र ग्रॅनाइटचा उभा दगड. दुरून अखंड वाटतो. जवळ गेल्यावर अंगभर शिवणी दिसतात, कारण त्सुनामासाच्या काळात तो फोडून नव्वदहून जास्त तुकड्यांत इथे आणला आणि पुन्हा होता तसा रचला. मी बोट लांब धरूनच एका शिवणीचा माग काढत वरपर्यंत गेले. पुढे शिवण पानांमागे गेली.

"मग आता सांग," भाची म्हणाली, "असल चांगली की आपली नक्कल?"

असल म्हणजे तरी कुठली? दगड फोडून जोडलेला, टेकडी मुलाची, घर साठ साली बांधलेलं, किल्ल्यात सिमेंट. बाग दरवेळी चित्रावरूनच उभी राहिली आहे. मग एक चित्र पुण्यातही उमटलं असेल तर त्याला नक्कल म्हणून नाक मुरडायचं कशाला? एक मात्र पुण्यात खरंच नाही, ते भाताचं खाचर. ते आणायला हवं होतं. मावळच्या इंद्रायणीचं चालेल.

अकरा वाजेपर्यंत शाळेच्या सहली आल्या आणि आमच्या पोटात कावळे कोकलायला लागले.

इथे येऊन खायचं ते बाराझुशी. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत एक छोटंसं दुकान भाचीने शोधून ठेवलं होतं. लाकडी पेटीतून आलं. खाली व्हिनेगरचा, जरा गोडसर भात. वर पिवळ्याधमक अंड्याच्या दोऱ्यासारख्या शेवया, कोळंबी, सोया-साखरेत शिजवलेली शिताके अळंबी, कमळकाकडीच्या पांढऱ्या चकत्या, समुद्री वामचा तुकडा, व्हिनेगर लावलेली सावारा. सावारा म्हणजे आपल्या सुरमईच्या कुळातलीच, आणि ओकायामाची माणसं तिच्यावर जीव टाकतात. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. सुरमई तव्यावर रवा लावूनच खायची असते असे संस्कार. पण ही मऊ, आंबट, जवळजवळ कच्ची फोड मी दोनदा मागून घेतली.

या पदार्थाची गोष्ट दुकानाच्या काकूंनी सांगितली, भाची मराठीत उतरवून देत होती. बाग बांधणाऱ्या त्सुनामासाचे वडील इकेदा मित्सुमासा काटकसरीचे मोठे कैवारी. रयतेने जेवणात एक सार आणि एकच पदार्थ घ्यावा असा त्यांचा हुकूम. लोकांनी काय करावं? मासे, भाज्या, सगळं भातात कालवलं आणि म्हटलं, हा बघा एकच पदार्थ. काही तर त्याहून हुशार. मासे पेटीच्या तळाशी रचायचे, वर साधा भात पसरायचा आणि खायच्या वेळी पेटी उलटी करायची. खरं किती, खोटं किती देव जाणे, पण काकू हे सांगताना अशा हसत होत्या की हुकूम त्यांच्याच आजीला निघाला होता. बापाने ताटावर पहारा बसवला आणि लेकाने तेहेतीस एकर बाग केली, हेही एका घरातलंच.

सोबत मामाकारी आली. बोटभर चंदेरी मासा, अख्खा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, काटे इतके नरम की तसाच चावून खायचा. भाचीने फोनवर शोधून दाखवलं, जातकुळीने तो तारलीचा सख्खा चुलत. चव मात्र तारलीची नाही, सगळा आंबटपणाच पुढे. मला तेवढी भावली नाही. तारलीचं तेल सुटायला हवं, ते इथे व्हिनेगरने दाबून टाकलं होतं.

पण खरी गंमत पुढेच. बाराझुशीवर एक कोवळं, कातरलेल्या कडांचं पान ठेवलं होतं. शोभेचं समजून भाची ते बाजूला सारत होती. मी उचलून तोंडात टाकलं. क्षणभर लिंबासारखा वास, मग जिभेच्या टोकाला झिणझिण्या. तिरफळ! डोळे मिटून सांगते, तिरफळ. काकूंनी सांगितलं, सान्शोचं पान, आणि हे त्याच्या कोवळ्या फळांचेच दिवस, म्हणून आतून हिरवी फळंही आणून दाखवली. मिरीएवढी, दुहेरी, देठावर जोडीने. तिरफळ आणि सान्शो एकाच कुळातले, हे आता वाचलं. घरी आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून टाकायची आणि ताटात आली की बाजूला काढायला सांगायची. काकूंना मी हे हातवारे करून सांगितलं. त्यांनी मूठभर फळं कागदात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

बाहेर पडल्यावर भाचीने किबीदांगोची दोन खोकी घेतली. बाजरीच्या कुळातल्या वरीसारख्या धान्याचं पीठ घातलेले मऊ लाडू, मोमोतारोने आपल्या साथीदारांना दिले ते हेच. बरे आहेत, गोड आहेत, यापलीकडे मला काही म्हणायचं नाही. ऑफिसात वाटायला ठीक.

सान्शोची पुडी पर्समध्ये आहे आणि आख्खी खोली दरवळतेय. उद्या दुपारी ओसाकाच्या मंडईतून इवाशी, म्हणजे इथल्या तारल्या, आणायच्या, त्या तरी तेलकट असतात असं भाची म्हणते. कोकमं आणि घरची मिरची पूड मी पुण्याहून आणलीच आहे. नारळाचं काय करायचं ते तेवढं ठरवायचंय, इथे डब्यातलं दूधच मिळतं.