कर्णाचं कवच: छातीवरची रेघ अखेर सुटली

इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन कर्णाकडे त्याचं कवच मागतो, त्या प्रसंगाचं तैलचित्र करतेय. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा इंद्राच्या ब्राह्मणवेशापर्यंत आले होते. नंतरचे सात आठवडे ३ बाय ४ फुटांच्या कॅनव्हासवर एकाच जागी गेले: कर्णाच्या छातीवर, जिथे कवच संपतं आणि कातडी सुरू होते.

हे कवच घातलेलं नाही, अंगाबरोबर जन्मलेलं आहे. पट्टे नाहीत, बिरडी नाहीत. कड ठळक काढली की विकत आणलेलं चिलखत दिसतं. कड पुसली की अंगाला हळद फासल्यासारखं दिसतं. दोनदा पॅलेट नाइफनं खरवडलं. तिसऱ्यांदा बर्न्ट सिएनाची (लालसर तपकिरी) ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, देत सोनं कातडीत विरवत नेलं आणि ओलं असताना वाटलं, जमलं. चार दिवसांनी बघते तर सावलीची बाजू सगळी सिंक, म्हणजे तेल खाली शोषलं जाऊन रंग निस्तेज! रॉ अंबर (गडद तपकिरी) मातीसारखं कोरडं, त्याला लागून सोनं चकाकतंय. पुसलेली रेघ जशीच्या तशी परत उमटली होती. त्या दिवशी मी ब्रश धुऊन ठेवून दिले.

कारण कळलंय. या वेळी तयार ताणलेला कॅनव्हास घेतला होता. त्याचा जेसो, म्हणजे रंगाखालचा पांढरा अस्तराचा थर, पातळ, सगळं तेल पिऊन टाकणारा. त्यात खालचा थर मी टर्पेंटाइननं फार पातळ केला, आणि अंबरला मुळातच तेल जास्त लागतं. पुढचा कॅनव्हास स्वतः ताणणार, जेसोचे चार हात देणार, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. आत्तापुरतं जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून चिंधीनं सावलीवर चोळलं आणि जादाचं तेल लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घेतलं. रंग जागेवर आले. तरी कवच खरं वाटेना.

मग परवा आईनं पाटल्या पॉलिशला द्यायच्या म्हणून साबण लावून उतरवल्या. कित्येक वर्षांनी. मनगटावर फिकट, मऊ, किंचित दबलेला पट्टा. मी तो हात धरून बघतच राहिले. कर्णाच्या छातीनं जन्मापासून ऊन पाहिलेलं नाही! सूर्याचा मुलगा, चेहरा आणि दंड रापलेले, आणि कवचाखालची कातडी तान्ह्या बाळाची.

त्यामुळे चित्रच बदलतंय. आधी कवच अख्खं होतं, शस्त्र नुसतं टेकवलेलं. आता डावी बाजू सुटलेली दाखवणार. महाभारताच्या वनपर्वात कर्ण कवच कापून ओलं असतानाच इंद्राच्या हाती देतो, पण त्याआधी आपलं अंग विद्रूप दिसू नये एवढं मागून घेतो. म्हणून रक्त फक्त कापलेल्या कडेला, केसाएवढं. उजवीकडे, जिथे ते अजून अंगाला आहे, तिथे नखाचं मूळ डोळ्यासमोर ठेवलंय: कातडी थोडी वर चढते, तिच्याखालून कठीण भाग बाहेर येतो. आता तिथे रेघ लागतच नाही.

सोनेरी ट्यूब वापरा, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. मला ती नकोच. समोरून चमकते, बाजूनं राखाडी होते आणि आजूबाजूचे रंग मारते. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांतले दागिने जवळ जाऊन बघा. सोनं सगळं साध्या रंगांतून उभं केलंय. मी तपकिरीवर यलो ऑकर आणि अगदी शेवटी फिकट पिवळ्याचा जाड ठिपका, एवढ्यावरच काम करतेय.

काल रात्री डाव्या खांद्याखालचा तळहाताएवढा भाग झाला. टिटॅनियम व्हाइट, ऑकर, कणभर टेर व्हर्ट (मातकट हिरवा). दाराशी उभं राहून पाहिलं, तर ती कातडी खरंच उघडी पडल्यासारखी वाटली. फार आनंद झाला.

आणि हे लिहितानाच लक्षात येतंय, सुटलेल्या कवचाची आतली बाजू त्या फिकट कातडीवर पिवळा उजेड टाकणार. मग तोच उजेड इंद्राच्या पुढे आलेल्या तळव्यावरही पडायला हवा. तो हात मी थंड सावलीत रंगवलाय, बोटांवर दहा दिवस घालवलेत, आणि चित्रातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. उद्या सकाळी तो खरवडतेय.