चिठ्ठीप्रमाणे देणे

दुपारचे तीन. ऐरोलीचं ऑफिस, डबा पोटात, डोळे जड. अशा वेळी बिल्ड, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करायचं काम, फुटला. कारण काय, तर 'द कमांड लाइन इज टू लाँग', हुकुमाची ओळ फार लांब. कोड बरोबर, तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बरोबर, माझं बोलणं तेवढं लांबलं. विंडोजची ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी ८१९१ अक्षरांपर्यंतच ऐकून घेते. आमच्या १३० च्या वर ऑब्जेक्ट फायली, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे, प्रत्येकीचा पत्ता साठेक अक्षरांचा, चाळ-मजला-खोली नंबरासकट. सकाळी कुणीतरी आणखी एक फाइल वाढवली होती. नाव 'हेल्पर'.

मला हिंग आठवला.

लहानपणी जांभळी नाक्यावरच्या वाण्याकडे मी तोंडी यादी घेऊन जायचो. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, साबुदाणा. चार जिन्नस घोकत घोकत नीट पोचायचे. पण मी जिना उतरत असताना आई वरून ओरडायची, "आणि हिंगाची डबी रे!" की झालं. वाण्यासमोर उभं राहिल्यावर हिंग तेवढा आठवायचा.

मग आईने चिठ्ठी सुरू केली. आपण फक्त म्हणायचं, "काका, चिठ्ठीप्रमाणे द्या." रिस्पॉन्स फाइल म्हणजे दुसरं काय! सगळी नावं एका फायलीत लिहायची आणि कंपायलरला ॲटचं चिन्ह लावून तिचं नाव सांगायचं. जीसीसी या कंपायलरला चालतं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरलाही चालतं. गंमत म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या मेकफाइलमधून ही चिठ्ठी 'एको' या मजकूर छापायच्या हुकुमाने लिहायला जावं, तर एकोची ओळच तेवढी लांब! मेकफाइल चालवणाऱ्या ग्नू मेकच्या ४.० मध्ये, २०१३ साली, 'फाइल' नावाचं फंक्शन आलं. ते शेलच्या, म्हणजे हुकूम ऐकणाऱ्या त्या खिडकीच्या, दारात न जाता स्वतःच लिहून मोकळं होतं.

लिहिली चिठ्ठी. तरी फुटला. चिठ्ठीतला बॅकस्लॅश जीसीसीच्या लेखी एस्केप, म्हणजे 'पुढचं अक्षर जसंच्या तसं घे' एवढीच खूण. पत्त्यांतल्या सगळ्या तिरक्या रेघा त्याने गिळल्या आणि फोल्डरांची नावं एकमेकांना चिकटली.

आईचं अक्षरही तसलंच. एकदा तिने लिहिलेलं 'जिरे पाव किलो' वाण्याने 'मिरे' वाचलं. आईने पुडी उघडली, हुंगली, उरलेले पैसे मोजले आणि मग माझ्याकडे पाहिलं. बदलून आणायला अर्थात मीच. "अक्षर बघ की आईचं," वाणी म्हणाला. हे घरी सांगण्याची माझी छाती नव्हती.

रेघा उलट्या बाजूला कलवल्या, बिल्ड झाला. लिनक्सवर ही मर्यादा सहसा वीस लाख बाइटांच्या पुढे असते. तिथली पोरं महिन्याचं वाणसामान पाठ करून जात असावीत.

संध्याकाळी ठाण्याची गाडी धरून घरी आलो. आई झोपली होती. हल्ली ती चिठ्ठ्या स्वतःसाठीच लिहिते. फ्रिजवर एक चिकटवलेली होती, तेच अक्षर, आता जरा कापरं : 'बीपीची गोळी घेतली.'

खाली तारीख नव्हती.