लॅक प्रमोटरची दोन अक्षरं बदलून मोजताना

प्रमोटर म्हणजे जीनचं वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा पट्टा. ई. कोलाय या जिवाणूच्या लॅक (लॅक्टोज पचवणाऱ्या जीनांच्या) प्रमोटरमध्ये −१० पेटीची, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या (+१) सुमारे दहा अक्षरं आधीच्या तुकड्याची, सहा अक्षरं टी-ए-टी-जी-टी-टी अशी आहेत. मधल्या जी-टीच्या जागी ए-ए आणलं की यूव्ही५ प्रमोटर होतो आणि त्याला सीएएमपी-सीएपीच्या (ग्लुकोज कमी असताना प्रमोटरला मदत करणाऱ्या रेणू-प्रथिन जोडीच्या) आधाराची फारशी गरज उरत नाही. प्रमोटरवर काम सुरू करणाऱ्याला मी आधी हाच बदल करायला सांगतो. उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे हात कुठे चुकतोय ते कळतं.

प्रायमर (नवी प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) तीसेक अक्षरांचे, बदल मधोमध. पीसीआरनंतर डीपीएन-१ हे डीएनए कापणारं एन्झाइम, ३७ अंशांवर तासभर. ते मिथाइल लागलेला जुना साचाच कापतं, म्हणून प्लाझ्मिड (जिवाणूतलं सुटं गोल डीएनए) डॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे हे मिथाइल लावणाऱ्या, स्ट्रेनमधून काढलेलं हवं. नाहीतर प्लेट कॉलन्यांनी गच्च भरते आणि बहुतेक सगळ्या मूळ क्रमाच्याच निघतात. सिक्वेन्सिंग बदललेल्या जागेपुरतं करून भागत नाही. मी −१०० पासून लॅकझेड या बीटा-गॅलॅक्टोसिडेझ एन्झाइमच्या जीनच्या पहिल्या कोडॉनांपर्यंत वाचून घेतो. प्रायमरच्या पट्ट्यात एखादं अक्षर गळालेलं असू शकतं, आणि ते −३५ व −१० या पेट्यांच्या मधे गळालं तर पंचाईत. लॅकमध्ये हे अंतर १८ आहे, सिग्मा-७० ला (आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेझच्या प्रमोटर ओळखणाऱ्या भागाला) १७ सर्वांत मानवतं. एक बेसपेअर म्हणजे ०.३४ नॅनोमीटर लांबी आणि सुमारे ३४ अंशांचा पीळ. सिग्माचे दोन भाग दोन्ही पेट्या एकाच वेळी धरतात, त्यामुळे पिळातला हा फरक त्यांना जाणवतो. मग वाढलेलं ट्रान्सक्रिप्शन जी-टीच्या बदलामुळे की गळालेल्या अक्षरामुळे, हे सांगता येत नाही.

मोजणी मिलर पद्धतीने, म्हणजे लॅकझेडचं एन्झाइम किती पिवळा रंग तयार करतं त्यावरून. स्ट्रेनच्या क्रोमोसोमवर लॅकझेड नको. वाढ दोन माध्यमांत, एकात ०.४ टक्के ग्लुकोज, दुसऱ्यात तेवढंच ग्लिसरॉल. दोन्हींत १ मिलिमोलर आयपीटीजी, म्हणजे लॅक बंद ठेवणाऱ्या रिप्रेसर प्रथिनाला दूर करणारं रसायन. ग्लुकोजमध्ये मूळ लॅक बराच खाली येतो, यूव्ही५ तुलनेने कमी. ओडी-६०० (कल्चरचा गढूळपणा) ०.३ ते ०.६ झाली की नळ्या बर्फात. ०.५ मिली कल्चर, तेवढाच झेड बफर, दोन थेंब क्लोरोफॉर्म, एक थेंब ०.१ टक्के एसडीएस. हलवून २८ अंशांवर पाच मिनिटं. मग ४ मिग्रॅ/मिलीचं ०.२ मिली ओएनपीजी, एन्झाइमने फोडल्यावर पिवळा रंग देणारा सब्स्ट्रेट. फिकट पिवळा रंग आला की १ मोलर सोडियम कार्बोनेट ०.५ मिली घालून क्रिया थांबवायची, आणि वेळ तिथेच टिपायची. गडद होईपर्यंत थांबलात तर सब्स्ट्रेट संपत येतो आणि जोरदार प्रमोटर उगाच कमजोर दिसतो. यूव्ही५ ला मी ०.०५ मिलीच कल्चर घेतो, बाकी झेड बफर. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल बफरमध्ये त्याच दिवशी घालावं.

प्लाझ्मिडवरचे आकडे जपून वाचा. प्रती जास्त असल्या की ऑपरेटरही (रिप्रेसर बसायच्या जागाही) तितकेच होतात, रिप्रेसर पुरत नाही, आणि आयपीटीजीविना झालेली गळती प्रमोटरच्या नावावर जमा होते. जमल्यास क्रोमोसोमवर एकच प्रत बसवा. +१ च्या पुढचं अक्षर बदललं असेल तर एमआरएनएचं टोकही बदलतं, मग फरक रायबोसोमचाही असू शकतो. शिवाय लॅकमध्येच पी२ नावाचा दुसरा प्रमोटर मुख्य प्रमोटरवर अंशतः चढलेला आहे. त्याचं आरएनए −२२ पासून सुरू होतं. म्हणून प्रायमर एक्स्टेन्शनने (आरएनएवरून डीएनए बनवून त्याचं टोक शोधून) सुरुवातीची जागा पाहिल्याशिवाय मी कुठल्याही बदलाबद्दल ठाम बोलत नाही.

सिग्मा-७० च्या आदर्श क्रमाच्या जितकं जवळ तितका प्रमोटर जोरदार, हा हिशेब काही अंतरापर्यंतच चालतो. −३५ ला टी-टी-जी-ए-सी-ए, १७ चं अंतर, −१० ला टी-ए-टी-ए-ए-टी आणि त्यांच्या आधी ए-टीने भरलेला अप एलिमेंट, असं सगळं जमवलं तर पॉलिमरेझ इतकं घट्ट बसतं की सुटायलाच उशीर होतो. ते जागेवरच डीएनए आत ओढतं आणि आखूड आरएनए अर्धवट सोडून देत राहतं. मिलरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर शुद्ध एन्झाइमवर ट्रान्सक्रिप्शन करून २० टक्क्यांच्या युरिया जेलवर दोन ते दहा अक्षरांचे तुकडे शोधा. ते भरपूर दिसले, तर बसण्यात अडचण नाही, निघण्यात आहे. मग −३५ पेटीतलं एखादं अक्षर आदर्शापासून दूर नेऊन पुन्हा मोजा.