तिचं बोट नाकाकडेच जात होतं

गेल्या आषाढातला रविवार. फोंड्याहून निघून दोन बस बदलत, भिजत, मी बार्देशातल्या एका शुश्रूषा केंद्रात तिला भेटायला गेले. आम्ही दोघी एकाच बॅचच्या नर्स. २३ वर्षांपूर्वी पहिली राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालताना माझा हात थरथरत होता, तेव्हा बाजूला उभी राहून पेशंटला "गिळा बाबा, गिळा" म्हणणारी तीच. आता पक्षाघातानं तिची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. घास श्वासनलिकेत जाईल म्हणून तिच्याच नाकात नळी.

"सकाळपासून नळी ओढायला बघतायत," तिथली मुलगी म्हणाली. म्हणून डाव्या हातात जाड हातमोजा घालून तो मनगटाशी बांधला होता. तरी हात नाकाकडे जायचाच.

अकरा वाजले, पेजेची वेळ. उकड्या तांदळाची पेज गाळून, पातळ करून मुलीनं आणली, २०० मिली. ती बघताच मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, चव आठवली असेल. नाइट ड्यूटी संपवून आम्ही तिच्या घरी पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं खायचो.

"होईल गो सगळं नीट. तोंडानं जेवशील परत."

तिनं माझा हात झिडकारला. मी हातमोजा सोडला, तशी तिनं नाकावर बोट आपटलं, मग अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर दाखवलं. नजर माझ्यावर रोखलेली.

तेव्हा कुठे मी नळीवरचे आकडे वाचले. चार्टवर नाकपुडीशी ५५ सेंटिमीटर लिहिलेले, प्रत्यक्षात ४५. वरची चिकटपट्टी कोरी करकरीत. रात्री खोकताना नळी सरकली असावी आणि कुणीतरी ती होती तिथेच चिकटवली. म्हणजे टोक पोटात नाही, वर अन्ननलिकेत. पेज ओतली असती तर उसळून फुप्फुसात गेली असती.

"ओतू नको!" मी जवळजवळ ओरडलेच.

सिरिंजनं ओढून पाहिलं, काही आलं नाही. मुलगी स्टेथोस्कोप घेऊन आली. हवा सोडून पोटावर आवाज ऐकायचा, हे आम्हीही असंच शिकलो होतो. पण तो आवाज फसवतो. नळी भलत्या जागी असली तरी ऐकू येतो. ओढलेल्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.५ किंवा त्याहून कमी यायला हवा, नाहीतर एक्स-रे. त्या मुलीचा मला राग आला नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. राग आला तो हातमोज्याचा. बोलता न येणाऱ्या माणसाचा हात बांधण्याआधी तो काय दाखवतोय ते बघायला नको? आणि मीही तिला धीर देत बसले होते!

डॉक्टर आले. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मापून त्यांनी नवी नळी घातली. मी तिची मान पुढे धरून म्हणत होते, "गिळ गो, गिळ." एक्स-रे होऊन पेज द्यायला तीन वाजले. पाठ उंच ठेवून, सिरिंज वर धरून, न दाबता, आपसूक उतरू दिली. मग पाणी. ओल्या कापसानं तिची सुकलेली जीभ आणि ओठ पुसले.

निघताना तिनं चार्टकडे बोट केलं. मी नळीवर नाकपुडीशी पेननं खूण केली, चार्टवर ५५ लिहिलं, वेळ घातली. ती बोट हलवेना. सही राहिली होती. ती केली, तेव्हा तिनं डोळे मिटले.