दमानं घ्या

पाण्याखाली वीस मीटरवर आम्ही चौघं होतो आणि पाचवा आमचा गाइड. प्रत्येकाच्या पाठीवर सारखंच सिलिंडर, १२ लिटरचं, २०० बार दाबाने भरलेलं. बाकीचे तिघं एका कासवामागून निवांत चालले होते. माझं कासवाकडे लक्षच नव्हतं, कारण सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा माझ्यापेक्षा बऱ्याच वेगाने लाल पट्ट्याकडे पोहत निघाला होता. ५० बार उरले की वर यायचं, आणि एकाची हवा तिथवर आली की सगळ्यांनीच वर यायचं, हे बोटीवर ठरलेलं. विसाव्या मिनिटाला मी मूठ छातीशी नेली. हवा कमी असल्याची ही खूण. गाइडने अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘शाब्बास’ नसतो, ‘चला वर’ असा असतो. त्या तिघांनी कासवाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. ‘पाण्यात पाहणे’ हा वाक्प्रचार मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून मोकळी झाले होते. प्रात्यक्षिक त्या दिवशी झालं.

बोटीवर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी हिशेब मांडत बसले. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे साधारण २४०० लिटर हवा. शिलकीचे ५० बार बाजूला काढले की वापरायला १८०० उरते. सावकाश पोहणाऱ्याला पाण्याच्या वर मिनिटाला वीसेक लिटर पुरते असं धरू. पण दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे वीस मीटरवर तो तिप्पट होतो आणि छातीभर श्वासातही तिप्पट हवा मावते. म्हणजे मिनिटाला ६० लिटर, आणि अर्धा तास. मी वीस मिनिटांत गाशा गुंडाळला, म्हणजे दीडपट हवा ओढत होते. रेग्युलेटरला, म्हणजे तोंडात धरून सिलिंडरची हवा घ्यायच्या झडपेला, बोल लावायचीही सोय नव्हती. कुस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये महायुद्ध चालू असताना तो घडवला. मुळात ती झडप मोटारी गॅसवर चालवण्यासाठी होती. ओढाल तेव्हा आणि ओढाल तेवढी हवा द्यायची, तीही आजूबाजूच्या पाण्याच्याच दाबाने, एवढंच तिचं काम. म्हणजे उधारीवर माल देणारा दुकानदारच. नाही कधी म्हणत नाही, वही मात्र चोख ठेवतो.

“पोहता ना तुम्ही?” गाइडने सहज विचारलं.

“येतं की,” मी म्हटलं.

पोहायला ‘येतं’ आणि मी ‘पोहते’, यांत तीसेक वर्षांचं अंतर होतं. डायव्हिंगच्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, पण त्याला ना वेळेची अट असते ना शैलीची. ती परीक्षा मी पास झाले होते. खरं तर पाण्याने मला सांभाळून घेतलं होतं.

तर अशी मी तलावावर पोहायच्या सकाळी सहाच्या मोठ्यांच्या बॅचला जाऊ लागले. जगभर या प्रकाराला मास्टर्स म्हणतात. नावाने दबून जायचं कारण नाही, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ वर्षं पूर्ण झाली की माणूस आपोआप मास्टर होतो आणि मग दर पाच वर्षांनी त्याचा गट बदलतो. वय वाढल्याबद्दल बढती देणारा दुसरा खेळ मला तरी ठाऊक नाही. आमच्यात नुकती नोकरीला लागलेली मुलं होती, एक दंतवैद्य होती आणि सत्तरीपुढचे एक आजोबा होते. पहिल्या दिवशी आजोबांनी मला चार वेळा मागे टाकलं. लेनमध्ये काळ्या रेघेच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं; मागच्याने तळपायाला हलकेच बोट लावलं की भिंतीपाशी थांबून त्याला वाट द्यायची. महिनाभर माझ्या तळपायांना इतक्या जणांची बोटं लागली की मला संतपदाला पोचल्यासारखं वाटू लागलं.

कोच पंचविशीचा. दोन दिवस ‘मॅडम’ म्हणाला, तिसऱ्या दिवशी ‘काकू’वर आला, आणि मग खरं शिकवणं सुरू झालं.

“काकू, पाय बुडतायत.”

ते मलाही कळत होतं. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण ज्याने कुणी केली तो नक्की फ्रीस्टाइल शिकत असणार. माणसाची हवा छातीत असते आणि वजनदार हाडं-स्नायू खाली कमरेपासून, त्यामुळे वरचा भाग तरंगतो आणि पाय लोंबतात. त्यात मी भिंत किती लांब आहे ते बघायला डोकं वर काढत होते. डोकं वर गेलं की पाय आणखी खाली, मग त्यांना वर ठेवायला जोरात लाथा, मग धाप, आणि धाप लागली की भिंत कुठे आहे ते बघायची आणखी घाई. “तळाकडे बघा, भिंत कुठे जात नाही,” कोच म्हणाला. त्याचं वय बघता हे फारच शहाणपणाचं बोलणं होतं. लाथा गुडघ्यातून मारत होते त्याही जांघेतून मारायला लावल्या. किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून पंचवीस मीटर जायला मला इतका वेळ लागायचा की आजोबा मला शेजारच्या लेनमधून बातम्या सांगत जायचे.

पण खरी गोम निघाली श्वासात. मी तोंड पाण्यात घातलं की श्वास कोंडून धरत होते आणि मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा असा दुहेरी व्यवहार करू बघत होते. त्यात निम्म्या वेळा नाकातोंडात पाणी. “दम धरू नका काकू, दम सोडा,” कोच काठावरून ओरडला. आपल्याकडे दमाला केवढी कामं लावून ठेवलीत! दम लागतो, दम निघतो, दम खातो, दम देतो, आणि दम धरणं तर सद्गुणच. पाण्यात तेवढाच एक दुर्गुण ठरतो. कारण गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा प्राणवायू संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. आत घ्यायची घाई होते, पण गरज बाहेर टाकण्याची असते. पाण्यात बुडबुडे सोडत सोडत गेलं की मान वळवल्यावर फक्त घ्यायचाच उरतो. हे कळायला मला तीन आठवडे लागले आणि जमायला आणखी पाच.

तिथेच माझ्या सिलिंडरचं गूढही उकललं. भेदरलेला माणूस भराभर, वरच्या वर श्वास घेतो. पण प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिलिलिटर हवा नुसती घशात आणि श्वासनलिकेत जाऊन परत येते. श्वास उथळ असेल तर कमाई कमी, जकातच जास्त. रेग्युलेटर तोंडात असला की त्याच्या पोकळीची जकात वेगळी. वायू साचत राहतो, जीव घाबरतो, माणूस आणखी भराभर ओढतो. मी खाली वीस मिनिटं हवा खात होते असं नव्हे, निम्मी नुसती चघळत होते.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाबद्दल मात्र मला तक्रार नोंदवायची आहे. आठ वेळा पन्नास मीटर, दर दीड मिनिटाला एक. लाल काटा ठरल्या जागी आला की निघायचं. दंतवैद्यबाई पन्नास सेकंदांत पोचायच्या आणि चाळीस सेकंद गॉगल पुसत उभ्या राहायच्या. मी एक मिनिट पंचवीस सेकंदांनी भिंतीला हात लावायचे, हातात पाच सेकंद. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्यालाच ती सर्वांत जास्त, असा हा न्याय.

आणि हा सगळा आटापिटा ज्यासाठी, ते डायव्हिंग तर याच्या उलट. तिथे हात वापरायचेच नाहीत, घडी घालून ठेवायचे. वेगही नको. पाण्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दुप्पट वेगाला आठपट ताकद लागते आणि ती ताकद शेवटी सिलिंडरमधूनच येते. इकडे कोच ‘जोरात’ म्हणून घसा कोरडा करतो, तिकडे गाइड तळवा खाली दाबून ‘हळू’ सांगतो. मी दोघांचंही ऐकत राहिले. आठवं पन्नास जीव तोडून मारलं की मग सावकाश पोहताना शरीराला ते काम वाटेनासं होतं, एवढं मला जाणवलं.

एकदा त्या नोकरीवाल्या मुलांनी पाण्याखालून, श्वास न घेता अख्खा लॅप मारायची पैज लावली आणि आधी जोरजोरात श्वास घ्यायला लागली. एरवी हसतमुख असलेला आमचा कोच तेव्हा पहिल्यांदा चिडलेला पाहिला. तसे श्वास घेतले की प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं. मग घंटा वाजायच्या आधीच पाण्याखाली शुद्ध जाते. पैज तिथेच मोडली. स्कूबात, म्हणजे सिलिंडर लावून केलेल्या डायव्हिंगमध्ये, तर श्वास रोखायचाच नाही हा पहिला नियम. दहा मीटरवरची छातीभर हवा वर येता येता दुप्पट फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटतं.

(जाता जाता एक सांगते, पाण्यात उतरल्यावर लगेच बाथरूमची आठवण होते ती मनाची नसते. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी फार झालं. सेट सुरू व्हायच्या वेळी नेमके गायब होणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे अधिकृत स्पष्टीकरण आहे.)

सहा महिन्यांनी पुन्हा समुद्रात उतरले. तेवढीच खोली, तेवढंच सिलिंडर. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. आजूबाजूला काय आहे ते या वेळी मला दिसत होतं. एका कपारीत ऑक्टोपस होता. तो आधी खडकासारखा करडा होता, मग तपकिरी झाला, आणि आमच्यातल्या कुणाच्या पायातल्या फिन्सने वाळू उडाली तेव्हा पांढरा. एक हात त्याने कपारीबाहेर काढून दगडावर ठेवला, चाचपून बघितल्यासारखा. दुसरा काढायच्या बेतात होता. मी गेज बघितला, ९० बार.

तेवढ्यात शेजारच्या मुलाने मूठ छातीशी नेली. पहिलीच डाइव्ह असावी. मास्कमधून त्याचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते आणि बुडबुड्यांचा नुसता पडदा झाला होता. गाइडने अंगठा वर केला.

मी ऑक्टोपसकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे.